सटवाईचं अक्षर

सहाव्या दिवशी पहाटे रंगुबाईनं अशी काही किंकाळी फोडली की गोठ्यातल्या म्हशीनं दूध चोरलं. नानासो तेवढा वाकळेत तोंड खुपसून हसत होता.

“आवं उठा! कागुद लिवलाय!”

“कसला कागुद?”

“सटवाईचा! पाट्याम्होरचा! आवं, अक्षरं दिसत्यात!”

आता बाळाच्या पाचवीला सटवाईचा कागद कोण मांडत नाही? पाट्याला हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा, पुढ्यात कोरा कागद आणि पेन ठेवायचं. रात्री सटवाई येते, बाळाचं नशीब लिहिते आणि जाते. सकाळी कागद कोराच असतो, कारण देवीचं अक्षर माणसाला दिसत नाही. दिसायला लागलं तर माणसानं जगायचं कसं? पण कुंडल गावातल्या या घरात ते निळंभोर, ठसठशीत दिसत होतं. वाकडंतिकडं, जणू ज्याला हाताची सवय नाही त्यानं लिहिलेलं.

बाळंतीण म्हणजे लेक अंकिता. माहेरी आलेली पहिलटकरीण. तिनं बाजेवरूनच कागद वाचला.

“बाळंतिणीला दोन टाइम भाकरी, डाळ, पालेभाजी. पाणी मागंल तेवढं. शेगडी बंद. दुपारी बारा ते चार बघाय कुणी यायचं न्हाई. लेकराला दर दोन तासानं अंगावर पाजणं. हुकूम मोडल्यास जबाबदारी आजीची.”

रंगुबाई मटकन खाली बसली.

तिचंही चुकत नव्हतं. मायेनंच करत होती बिचारी. तिच्या सासूनं जसं तिचं बाळंतपण काढलं, तसंच ती लेकीचं काढत होती. मऊ भात आणि तूप. पाणी प्यायलं तर पोट सुटतं, डाळ खाल्ली तर बाळाला वारं धरतं. भर वैशाखात खोलीत शेगडी, कानाला फडकं, आणि सकाळपासून बघायला येणाऱ्या बायकांची जत्रा. पोरीला ना खाणं, ना झोप. दूध उतरेना. अडीच किलोची नात पाचव्या दिवशी सव्वादोनवर आली. आरोग्य खात्याची आशाताई सृष्टी, तिनं वजनाचा काटा दाखवून सांगितलं, “काकी, हिला पोटभर घाला. पोरगी चढली न्हाई तर सांगलीला दवाखान्यात ठेवाय लागंल.” त्यावर रंगुबाई म्हणाली, “आमी न्हाई व्हय बाळंत झालो?” झालं, विषय संपला.

नानासो रिटायर हवालदार. सरहद्दीवर चोवीस वर्षं काढलेला गडी, पण घरात त्याचं कुत्रं ऐकत नव्हतं. रंगुबाई माणसाच्या पोटी जन्मलेल्या कुणाचंच ऐकत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मग त्यानं देवी गाठली. दिव्याच्या उजेडात, अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं. शेवटी सवयीनं ‘जय हिंद’ लिहिणार होता, तेवढं मात्र वेळेत आवरलं.

हुकमाची अंमलबजावणी अशी झाली की बटालियननं शिकावं. शेगडी बाहेर गेली. अंकितानं दीड भाकरी, डाळ, मेथी खाल्ली आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं. बारा वाजता दाराला आतून कडी लागली. रंगुबाईनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, म्हणजे सकाळी दहाच्या आतच अर्ध्या कुंडलला कळली होती.

शेजारची लीलाबाई कागद बघून हात जोडत म्हणाली, “रंगुबाई, तुझी सटवाई फौजेतली दिसतीया गं.”

नानासोनं खोकल्याचं निमित्त केलं, परसात गेला आणि भिंतीला धरून पोटभर हसला.

सटीचा, म्हणजे सहाव्या रात्रीचा म्हणून त्या संध्याकाळी दुसरा कागद मांडला गेला. नानासोनं यावेळी काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. चेष्टा एकदाच बरी. तो गपगार झोपला.

सकाळी किंकाळी आली नाही. घरात नुसती शांतता. तो उठून बसला तर रंगुबाई पाट्याकडं बोट दाखवून उभी. कागद भरला होता. पाट्याजवळचं पेन निळं. अक्षर लालभडक.

“वाचा की,” ती हळूच म्हणाली.

नानासोनं वाचलं. “बाळाची दुपटी आज्यानं धुवावीत. परसात न्हाई, म्होरल्या नळावर, चारचौघांत.” त्याखाली एक ओळ सोडून लिहिलं होतं, “डाव्या हातानं लिवणाऱ्यानं देवीच्या पेनाला पुन्यांदा शिवू नये.”

त्याच्या पाठीच्या कण्यातून मुंगी चालत गेल्यासारखं झालं. डाव्या हाताचं त्याच्याशिवाय कुणाला माहीत होतं? दार लावलेलं होतं. सगळी झोपली होती. त्यानं हळूच डावा हात बघितला. तर्जनीच्या पेराला निळा डाग अजून तसाच होता.

“डाव्या हाताचं काय ओ हे?” रंगुबाईनं विचारलं.

“मला काय ठावं? देवाची भाषा!” त्यानं हात खिशात घातला.

तपास करायला त्याला तासभरही लागला नाही. रंगुबाईला सहीपुरतं लिहिता येत होतं, पुढं काही नाही. अंकिता बाजेवरून उतरली की बाज कुरकुरायची, ती रात्री कुरकुरली नव्हती. उंबऱ्याला घातलेली राखेची रेघ मोडलेली नव्हती. म्हणजे बाहेरून कुणी आलंही नव्हतं. निदान ज्याचं पाऊल उमटतं असं कुणी.

आठ वाजता नानासो हवालदार म्होरल्या नळावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर दुपटी धूत बसला होता.

लीलाबाईचा नवरा जोतिबा सायकलवरून उतरला. “काय रं गड्या, ड्यूटी बदलली वाटतं?”

“नातीचं काम हाय,” नानासो खाली मान घालून म्हणाला.

“ह्या ह्या ह्या! मर्दा, मिशी काढून दी आता.”

“जोतिबा, हसू नगंस. हे माणसाचं काम न्हाई.”

नानासोचा चेहरा बघून जोतिबाचं हसू जाग्यावर विरलं. त्याची थोरली सून पण महिन्याची बाळंतीण होती. दोनच दिवसांनी तोही बादली घेऊन शेजारी येऊन बसला. त्याच्या घरी सकाळी उखळाखाली कागद निघाला होता. लाल अक्षरात. “सून झोपली असताना सासऱ्यानं दुपटी धुवावीत, नातवाला फिरवावं. मिशी असली तरी चालंल.”

“नाना,” जोतिबा इकडंतिकडं बघत म्हणाला, “मी मिशीचं बोल्लो तवा हितं आपुन दोघंच हुतो की रं.”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि पिळलेलं दुपटंच पुन्हा पिळायला घेतलं. त्या आठवड्यात गल्लीतले पुरुष अंधार पडायच्या आत घरात यायला लागले आणि बाळ रडलं की दचकून स्वतःच उठायला लागले.

नानासोला अन्न गोड लागेना. चेष्टा त्याची, पण हुकूम आता कुणी भलतंच सोडत होतं. देवीच्या नावानं आपण खोटं लिहिलं, त्याचा राग नातीच्या नशिबावर निघाला तर? खरं नशीब लिहायची जागाच आपण भाकरी-डाळीनं भरून टाकली असली तर? हा विचार आला की त्याच्या हातून घास खाली पडायचा.

बाराव्या दिवशी बारावी आली. मळ्यात बांधावर पाच खडे मांडायचे, कुंकू लावायचं, निवद दाखवायचा, कागद ठेवायचा आणि मागं वळून न बघता घरी यायचं. नानासोनं ठरवलं, आज काय असंल ते डोळ्यांनी बघायचं आणि पाय धरायचे.

बायका निघायच्या आधीच तो उसात जाऊन बसला. दुपारची वेळ, डोक्यावर टळटळीत ऊन, आणि माणूस नाही की पाखरू नाही. वारा पडला होता, तरी मधेच उसाच्या शेंड्याचा एखादा वाढा हलत होता. पाचटातून काहीतरी सरपटत गेलं. मग बांगड्या वाजल्या. बायका आल्या, खडे मांडले, निवद ठेवला आणि गेल्या. तो मनात शंभरपर्यंत मोजत राहिला. सत्तराला पुन्हा बांगड्या वाजल्या. कुणीतरी परत येत होतं. तोंड पदरात दाबून हसल्यासारखा घोगरा आवाज आला आणि नानासोच्या अंगावर सरसरून काटा आला.

“लिव गं सृष्टी,” आवाज म्हणाला. “लौकर.”

नानासोनं पाचट बाजूला केलं. खड्यांपाशी आशाताई मांडी घालून बसली होती, हातात रजिस्टरचं लाल पेन. शेजारी लीलाबाई. आणि सांगणारी रंगुबाई.

“पयलं सांगा, पोरीचं वजन किती भरलं?” लीलाबाईनं विचारलं.

“अडीच आन वर पन्नास गरॅम,” सृष्टी म्हणाली. “जन्माच्या वर गेली. आता दवाखान्यात ठेवायचं कारण न्हाई.”

उसात नानासोनं डोळे मिटले. बारा दिवसांचा श्वास आत्ता बाहेर पडला.

“आमच्या मालकांच्या मिशीचं बरं ऐकलंस नळावर, सृष्टी!”

“बादली भराय मागंच हुते की मी. त्या दोघांस्नी दिसते कुठं?”

“पर रंगुबाई, नानाचं तुला कवा कळलं?”

“त्याच रातीला. जीभ भायेर काढून डाव्या हातानं लिवत हुतं येडं. मी जागीच हुती.”

“मग किंकाळी?”

रंगुबाईनं निवद खड्यांकडं जरा सरकवला. मग म्हणाली, “अगं, माझ्या टायमाला तहानंनं जीव चालला हुता. चूळ भरायच्या पाण्यातलं दोन घोट चोरून पिली मी. तेबी सासूनं बघितलं. अंकीला पाणी द्यावं असं मला वाटत नव्हतं व्हय? पर उद्या काय झालं तर गाव म्हणंल, आईनं रीत मोडली. देवीनंच मोडली म्हणल्यावर कोण काय म्हणतंय? मग मनलं, यांनी येवढं लिवलंय तर पुढलं आपुन लिवू. सटीचा कागुद ह्या सृष्टीकडनं लिवून घेतला आन रातीला मीच बदलला.”

“व्हय, आता आज काय लिवायचं?” सृष्टीनं पेन सरसावलं.

“लिव. लेकीला सवा म्हैना झाल्याबिगर सासरी धाडायची न्हाई. आन ल्योकच पायजे म्हणून पुन्यांदा लगीच पोटुशी ऱ्हायची घाई करायची न्हाई. तीन वर्सं तरी न्हाई.”

“व्हय, त्येबी लिव. माझ्या सुनंसाठी दुसऱ्या कागदावर लिव,” लीलाबाई म्हणाली.

लिहून झाल्यावर तिघी पदर सारखे करत, गंभीर तोंडानं निघून गेल्या. मागं वळून कुणी बघितलं नाही.

नानासो बाहेर आला. पाय धरायला आला होता, पण कुणाचे धरायचे ते आता कळेना. त्यानं कागद उचलला, खिशातलं पेन काढलं आणि यावेळी उजव्या हातानं, आपल्या स्वच्छ फौजी अक्षरात, शेवटी एक ओळ घातली. “आजीनं बी दुपारी बारा ते चार झोपावं. हुकमावरून.” मग कागद घडी करून खिशात टाकला, म्हणजे संध्याकाळी गुपचूप पाट्यासमोर ठेवता येईल.

मळ्यातून घरी यायला त्याला अर्धा तास लागला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंकिता बाळाला पाजत बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“आबा, हळू. आई झोपलीया.”

रंगुबाई जमिनीवर, हाताची उशी करून, तोंड उघडं टाकून घोरत होती. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण नानासोनं तिला दिवसा आडवं झालेलं कधी बघितलं नव्हतं.

त्याच्या मानेवरचे केस हळूहळू उभे राहिले. त्यानं खिसा चाचपला. कागद अजून खिशातच होता.