उद्या बुधवार

मालनबाईंनी नवऱ्याला मंगळवार शिकवायला घेतला तो शुक्रवारी. हातात चार दिवस होते आणि विद्यार्थी चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

"आज वार कोनता?"

"शुक्रवार," भिवाजींनी नेमकं त्याच दिवशी बरोबर सांगितलं.

"न्हाई! मंगळवार!"

"अगं, सकाळी तूच म्हनली शुक्रवार."

"ते सकाळचं झालं. मंगळवारी दवाखान्यात डॉक्टर इचारल तवा मंगळवारच म्हनायचं."

भिवाजींनी एकतीस वर्षं नांदेड-हिंगोली एसटीवर तिकिटं फाडली होती. एकाही चुकीच्या स्टॉपावर कधी घंटी मारली नाही. पण वर्षभरापासून काहीतरी बिनसलं होतं. बाजारात जात आणि कशाला आलो ते विचारायला परत येत. गेल्या महिन्यात तर स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी तासभर उभे राहिले. मालनबाईंनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. पोरांचा फोन आला की त्या "बेस हायेत" म्हणून मोकळ्या होत.

त्याला कारण होतं. थोरला प्रेमानंद पुण्यात, धाकटा धम्मदीप नांदेडात. उन्हाळ्यात दोघांनी चहा पिता पिता आईबापांच्या म्हातारपणाची व्यवस्था लावून टाकली होती. दोघांपैकी एक गेलं की बाळापूरचं घर विकायचं आणि मागं राहील त्यानं सहा महिने पुण्यात, सहा महिने नांदेडात राहायचं. "म्हणजे बराबर वाटणी," प्रेमानंद म्हणाला होता. मालनबाई तेव्हा तिथंच बसल्या होत्या. वाटणी त्यांचीच चालली होती आणि चहाही त्यांनीच केला होता.

म्हणून भिवाजींनी मनावर घेतलं. घर मालनच्या नावे करायचं, मृत्युपत्र लिहायचं. कळमनुरीचे किसनसिंग वकील म्हणाले, "लिहू की. पण पुढं पोरं म्हनतील, बाप भानावर नव्हता. डॉक्टरचा दाखला जोडा." मालनबाई दोन्हीकडून अडकल्या. कागद झाला नाही तर घर जाणार, आणि दाखला मागायला गेलं तर सगळं उघडं पडणार.

शेजारच्या शिलाच्या सासऱ्यानं असाच दाखला काढला होता. तिनं सगळे प्रश्न सांगितले: वार, गाव, शंभरातून सातसात वजा, आणि तीन शब्द लक्षात ठेवायचे. सासऱ्याला पडलेले शब्द होते लिंबू, चावी, बैल. मालनबाईंनी चार दिवस जेवताखाता ते घोकून घेतले.

मंगळवारी भिवाजी इस्त्रीचा सदरा घालून, अगदी तयार होऊन दवाखान्यात गेले. दारातच कंपाउंडर खेमा म्हणाला, "साहेब हिंगोलीला गेले. उद्या या."

मालनबाई मटकन बाकावर बसल्या. चार दिवसांची मेहनत वाया गेली होती. घरी येताना त्यांनी नवा धडा सुरू केला. "ध्यानात ठेवा. उद्या बुधवार. काय?"

"उद्या बुधवार."

रात्रीपर्यंत हे त्यांनी वीस वेळा म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काका, आज वार कोणता?"

"उद्या बुधवार," भिवाजी ठामपणे म्हणाले. "म्हंजे आज मंगळवार."

मालनबाईंनी कपाळाला हात लावला.

"आपण आत्ता कुठं आहोत?"

"बाळापूर. मागं वारंगा फाटा, पुढं कळमनुरी."

"शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर..." भिवाजी थांबेचनात. शेवटी म्हणाले, "दोन उरले. आता सात जात न्हाईत."

"वा! आता मी तीन शब्द सांगतो, ते..."

"लिंबू, चावी, बैल."

"अहो, मी अजून सांगितले नाहीत."

"मग सांगा ना. आमी तयार आहो."

डॉक्टरांनी शब्द सांगितले: छत्री, पेरू, घोडा. पुढच्या क्षणी मालनबाई ओठ हलवून "छत्री, छत्री" करू लागल्या.

"काकू, तुम्ही बाहेर बसा बरं."

त्या उठल्या, त्यांनी दार उघडलं आणि लावलं, पण पाय निघेना. आतच, भिवाजींच्या पाठीमागं पडद्याला चिकटून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"काका, तुमच्या नावावर काय आहे?"

"दोन खोल्या आन् पुढं पत्र्याचं शेड. शेत न्हाई."

"ते कुणाला द्यायचं?"

"मालनला. तिच्यामागं दोन्ही पोरायनी वाटून घ्यावं. पोरं वाईट न्हाईत साहेब, पन आईला सामानावानी इकडून तिकडं नेतेल."

"आणि हे आत्ताच का?"

"मी इसरून राहिलो, साहेब. वर्ष झालं. माझी गल्ली मला सापडंना. मालनचं नाव ध्यानात हाय तोवर कागदावर घालतो. उद्या मीच तिला इचारलं, बाई, तू कोन, तर कागद तरी सांगंल."

डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारलेच नाहीत; दाखला लिहायला पेन उचललं.

"पन तिला सांगू नका. तिला वाटते मला काईच ठाव न्हाई. बिचारी किती दिवसापासून मला वार शिकवून राहिली. शुक्रवारी शुक्रवार म्हनलो तर भांडली माझ्याशी."

मालनबाईंना हसू आणि रडू एकदमच फुटू पाहत होतं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला, दार हलकेच उघडलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या. डोळे पुसले, पदर नीट केला.

थोड्या वेळानं भिवाजी दाखला हातात धरून आले.

"काय म्हनले डॉक्टर?"

"पास केलं. तुला लई येळ बाहेर बसावं लागलं."

"व्हय. डास चावून राहिले नुसते."

दोघं दवाखान्यातून निघाले. रस्त्यावर येताच भिवाजी झपाझप डावीकडे चालू लागले. घर उजवीकडे होतं. मालनबाई एक क्षण थांबल्या आणि मग त्याही डावीकडे वळल्या.

बरंच चालल्यावर भिवाजी कचरले. "इकडून लांब पडून राहिलं का गं?"

"पडू द्या," मालनबाई म्हणाल्या. "मलाच जरा बाजारातून जायचं हाय."