उंचावरचे व्याही

व्याही रुसला की त्याला नुसतं जेवायला बोलावून भागत नाही, हे उत्तमरावांना पाच वर्षांत पुरतं कळलं होतं. मंजुश्रीच्या लग्नात नवरदेवाचे वडील, म्हणजे देऊळघाटचे भगवंतराव, मंचावर आलेच नाहीत. दिवसभर मांडवाच्या खांबाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले आणि निघताना एवढंच बोलले, "आमाले खाली बसवलं." त्या दिवसापासून त्यांनी उत्तमरावांचा उंबरा ओलांडला नव्हता. मंजुश्री माहेरी आली, की चहाचा दुसरा कप होईस्तोवर तिच्या मनात परतीची पिशवी भरलेली असे.

दोघेही व्याही कीर्तनाचे वेडे, एवढाच काय तो आशेचा धागा. यंदा उत्तमरावांच्या गावी सप्ताह होता. भगवंतराव शेजारी मांडीला मांडी लावून बसलेत आणि दोघांची टाळी एका ठेक्यात पडतेय, हे चित्र उत्तमरावांनी डोळे मिटून इतक्यांदा पाहिलं होतं, की देवासमोर हात जोडले तरी आधी व्याहीच दिसत.

शेवटी त्यांनी नातीला पुढं केलं. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या एका दरीत, नाल्याकाठच्या जांभळीखाली पोरांसाठी खेळणी केली होती. दोरांचे झोके, ओंडक्यांचा पूल, घसरून घसरून गुळगुळीत झालेला खडक. काजलनं हट्ट धरला, दोन्ही आजोबा पाहिजेत. भगवंतरावांचा निरोप आला, "नातीसाठी दरीत येतो. घरी नाई."

ते आले. खाली उतरता उतरता दमले आणि समोर जी फळी दिसली तिच्यावर बसले. ती सी-सॉची फळी होती. खालच्या टोकाशी, आपटू नये म्हणून, अर्धं पुरलेलं ट्रॅक्टरचं टायर होतं. दुसरं टोक पार वर, खडकाच्या उंचीला.

उत्तमरावांनी फळीची दोन्ही टोकं पाहिली. व्याही पुन्हा खाली.

"जावाईबापू," ते प्रज्वलला हळूच म्हणाले, "मले त्या खडकावर चढवा."

"काऊन मामा?"

"मी त्या टोकावर बसलो, का इवाई वर जातात. सोपं हाये."

सोपं होतं, पण उत्तमरावांचा देह विण्याच्या दांडीसारखा आणि भगवंतरावांचा पखवाजासारखा. उत्तमराव खडकावरून फळीवर बसले, फळी तसूभर हलली नाही. आता मुलीचा बाप वर लोंबकळतोय आणि मुलाचा बाप खाली मान उंच करून त्याच्याकडं बघतोय.

"मंचावरबी तुम्हीच होते," भगवंतराव म्हणाले.

"इवाई, तुमाले वर केल्याशिवाय मी आता उतरतच नाई."

"राहू द्या. आमची जागा खालीच." आणि भगवंतरावांनी दोन्ही हात टायरवर ठेवले, जणू इथंच बिऱ्हाड केलं.

काजलला उत्तमरावांच्या मांडीवर दिलं. फळी जागची जागी. प्रज्वल म्हणाला, मीच येतो, तर उत्तमराव म्हणाले, "तुम्ही नवरदेवाकडचे. तुम्ही वजन टाकलं तर तो मान आमचा कसा?" मग मंजुश्री चढली. फळी कुरकुरली, बस. तोवर जेवणासाठी निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजून झाले होते, तेव्हा विहीणबाई सिंधूताई पदर खोचून आल्या.

"सरका जरा, मले जागा द्या."

"विहीणबाई, तुम्ही तर तिकडच्या."

"मी पोटानं इकडची हावो. हे उठल्याशिवाय कोणी जेवत नाई."

त्यांच्यापाठोपाठ रोडग्यांची टोपली आली, वरणाचं पातेलं आलं. पलीकडं भगवंतरावांच्या कपाळावर हिवाळ्यात घाम.

"सकाळी एवढं काय खाल्लं वो तुम्ही?" सिंधूताईंनी नवऱ्याला विचारलं. भगवंतरावांनी नुसते दात आवळले.

उत्तमरावांना मात्र कीर्तनातली गोष्ट आठवली आणि तोंडावर तेज आलं. "देवाची तुला केली तवा सारं सोनं हरलं, अन् तुळशीचं एक पान जिंकलं. मंजू, तुळस पाह्य."

"बाबा, इथं टणटणीची झुडपंच झुडपं हायेत."

"मंग जांभळीचं तोड. देव भाव पाह्यते."

हाताशी आलेल्या डहाळीचं पान मंजुश्रीनं खुडलं. उत्तमरावांनी ते कपाळाला लावलं, रोडग्यांवर ठेवलं, आणि सवयीनं त्यांचा गळा मोकळा झाला, "पुंडलिक वरदे..."

"हारी विठ्ठल," सगळी दरी म्हणाली, आणि सगळ्यांचे हात वर गेले. भगवंतरावांचेही.

त्याच क्षणी उत्तमरावांचं टोक धाडकन खाली आलं. पातेल्यातलं निम्मं वरण त्यांच्या धोतरावर. आणि भगवंतराव वर, जांभळीच्या पानांत, फळीला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे घट्ट मिटलेले.

"पोचला ना मान, इवाई?" उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पोचला. आता खाली घ्या."

"बसा की थोडं. पाच वर्षानं..."

"इवाई, मले उंचीचं भेव वाटते बाप्पा."

मंजुश्रीनं हळूच विचारलं, "मामंजी, मंग मांडवात?"

"तो मंच काय कमी उंच होता? अन् मांगून कठडा नोता."

"मंग रुसले काऊन?" उत्तमराव.

"नवरदेवाचा बाप भेते म्हणून सांगू चारचौघांत? रुसलो म्हटलं का इज्जत राह्यते."

"अन् आत्ता एवढं वजन टाकलं तरी..."

"टायर धरून होतो. मनगटं गेली माही."

"मंग सोडलं काऊन?"

भगवंतरावांनी एक डोळा उघडला. "देवाचं नाव आलं. तिथं हात खाली ठेवता येते का?"

उत्तमराव वरणानं भिजलेल्या धोतरासकट हसायला लागले आणि फळी थरथरली. "हसू नका वो," वरून आवाज आला, तेव्हा कुठं प्रज्वलनं वडिलांचं टोक दाबत दाबत खाली आणलं. रोडगे मग उरलेल्या वरणाशी, कोरडेच जास्त, खाल्ले गेले. खाता खाता भगवंतराव पुटपुटले, "कीर्तन किती वाजता हाये?"

संध्याकाळी ते उंबरा ओलांडून, उत्तमरावांच्या घरी चहा घेऊन, कीर्तनाला आले. दोन ट्रॉल्या जोडून, वर फळ्या टाकून व्यासपीठ केलं होतं. व्याही आलेत हे कळताच मंडळातला एकजण बुक्का लावायला धावला. "पाहुण्यांनी वर बसावं, महाराजांजवळ."

भगवंतरावांनी उत्तमरावांचा गुडघा करकचून धरला.

उत्तमराव गंभीरपणे म्हणाले, "आमचे इवाई रुसले हायेत. ते खालीच बसतील."

"मंग तुम्ही तरी या वर."

"मीबी रुसलो," उत्तमराव म्हणाले आणि मांडी आणखी पसरून बसले.

व्यासपीठावरून जयघोष झाला, तेव्हा कुठं भगवंतरावांनी त्यांचा गुडघा सोडला.