टोबिन सायडरचा मूळ पुरुष

मलाकी टोबिनचं ठाम मत होतं की जाहिरात करायला अक्कल लागत नाही, हिंमत लागते. आणि हिंमत त्याच्याकडे पोत्यानं होती!

"डब्लिनची ती जाहिरातवाली पोरं काय करणार?" न्याहारीच्या टेबलावर तो बायकोला सांगत होता. "बागेत दोन फेऱ्या मारतील आणि म्हणतील, 'तुमच्या सफरचंदांत एक प्रामाणिकपणा आहे.' हे ऐकायला मी पैसे मोजू? छे! मी घरच्या घरी करतो!"

"मागं घरच्या घरी दात काढला होतास," ॲट्रॅक्टा म्हणाली आणि टोस्टला लोणी लावत बसली.

आता प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. टिपररीतल्या बॅलीड्रीन गावात टोबिन लोक सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, गाळायचे. सायडर फक्कड, पण खपायची दोन पबांत आणि एका पेट्रोल पंपावर. एक काळ असा होता की सायडर म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढं बांधाआड लपून पिणारी उनाड पोरं यायची. मग एका बड्या कंपनीनं टीव्हीवर ग्लासभर बर्फ दाखवला, त्यावर सायडर ओतली, आणि बघता बघता डब्लिनच्या वकीलबाईसुद्धा ग्लासातला बर्फ खुळखुळवत बसू लागल्या. या वाहत्या गंगेत हात धुवायची मलाकीची ही शेवटची संधी होती. देशभरातल्या अठ्ठावीस दुकानांसाठी माल घेणाऱ्या डब्लिनच्या क्रॉसबीबाईंचं पत्र आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'सायडर आवडली. पण हिचा इतिहास काय? गिऱ्हाईक हल्ली इतिहास विचारतं. शनिवारी तुमच्या गावच्या शेतकी प्रदर्शनाला येते, लोकांचा प्रतिसाद बघते आणि ठरवते.' बाईंनी नाही म्हटलं तर पुढच्या हंगामात टोबिनांचं गाळप बंद. इतकं ते साधं होतं.

"इतिहास हवाय ना? देतो की!" मलाकी म्हणाला.

शेजारच्या घरात त्याची कन्सेप्टा आत्या राहायची. वय चौऱ्याऐंशी. दारूचा थेंबही न घेण्याची शपथ तिनं सोळाव्या वर्षी घेतलेली आणि शपथवाल्यांचा लाल हृदयाचा बिल्ला तेव्हापासून छातीवर. बाग तिच्याच नावावर होती, पण भाच्याच्या धंद्यात ती पडत नसे. तिच्या दिवाणखान्यात येशूच्या तसबिरीशेजारी एका मिशाळ, करारी म्हाताऱ्याचा फोटो टांगलेला होता. मलाकी तो लहानपणापासून बघत आला होता.

"पणजोबा! कॉर्नेलियस टोबिन! आपला मूळ पुरुष!" तो फोटो काखोटीला मारून घरी आला. "बाटलीवर हाच छापायचा!"

"आत्याला विचारलंस?"

"आत्या नॉकच्या यात्रेला गेलीय, शनिवारी येईल. आणि विचारायचंय काय? नाक बघ ना! हे नाक टोबिनांशिवाय कुणाचं असेल?"

"माझ्या माहेरच्या गाढवाचं होतं," ॲट्रॅक्टा म्हणाली. पण मलाकी तोवर क्लॉनमेलच्या छापखान्यात पोचलासुद्धा होता.

फोटो जुना, विटलेला. छापखानेवाल्यानं भिंग लावून पाहिलं. "कॉलरवर हा ठिपका कसला हो?"

"सफरचंद!" मलाकीनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं. "सायडरवाला माणूस कॉलरला काय कोबी लावणार? चांगलं लालभडक करा, वर दोन पानं काढा!"

आणि फोटोखाली त्यानं स्वतःच्या प्रतिभेनं मजकूर लिहून दिला: 'आमचे संस्थापक कॉर्नेलियस टोबिन. रोज पहाटे उपाशीपोटी एक ग्लास! नव्वदी पार केली!' लिहिताना त्याला स्वतःलाच गहिवरून आलं.

शनिवारी प्रदर्शनात ऊन पडलं, हेच मुळी अघटित! एका बाजूला बक्षिसाचे बैल, दुसऱ्या बाजूला मुरंब्याच्या बरण्या, आणि मधोमध मलाकीचं टेबल. मागं साठ पेट्या रचलेल्या. पहिलं गिऱ्हाईक आलं ते थॅडी क्वर्क. शहात्तर वर्षांचा हा गृहस्थ गावातल्या शपथवाल्यांचा अध्यक्ष. सायडरच्या टेबलाकडं तो उभ्या आयुष्यात फिरकला नव्हता.

थॅडीनं बाटली उचलली, चष्मा लावला, आणि फोटोखालचा मजकूर ओठ हलवत वाचला.

"मलाकी, हे कोण म्हणालास?"

"आमचे पणजोबा, थॅडीकाका!"

"असं होय." थॅडीनं चष्मा काढून खिशात ठेवला. "पहाटे घ्यायचे?"

"उपाशीपोटी!"

"दोन पेट्या दे."

मलाकीला आभाळ ठेंगणं झालं! "बघितलंस?" तो बायकोच्या कानात कुजबुजला. "इतिहासाची ताकद बघ! साठ वर्षं शपथ पाळलेला माणूस पाघळला!"

अर्ध्या तासात थॅडी परत आला, एकटा नाही. मागं अकरा म्हातारे-म्हाताऱ्या ओळीनं उभे. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात बाजाराची चाकाची पिशवी, एकीनं तर नातवाची बाबागाडी आणलेली. प्रत्येकजण पुढं येई, "दोन पेट्या" म्हणे, पैसे टेबलावर ठेवी आणि मलाकीकडं असं बघे की दुसरा असता तर जागच्या जागी भस्म झाला असता. मलाकी मात्र खुशीत माल काढून देत होता. सातव्या म्हातारीला बाटली दाखवताना तिचा कोट आणि बाटलीवरचा कोट शेजारी शेजारी आले. तिच्या कॉलरवर लाल बिल्ला. बाटलीवर लाल सफरचंद. त्यानं रांगेकडं आणि पेट्या घेऊन बाजूला थांबलेल्यांकडं पाहिलं. अकरा कॉलरी, अकरा लाल हृदयं! मलाकीनं बाटली घाईघाईनं पेटीत कोंबली.

"ॲट्रॅक्टा," तो बायकोकडं सरकत म्हणाला, "ते सफरचंद नाहीये गं."

"मग टोबिनही नसणार तो," ॲट्रॅक्टा शांतपणे म्हणाली.

आणि नेमक्या त्याच क्षणी निळी टोपी घातलेल्या क्रॉसबीबाई टेबलापाशी अवतरल्या!

"मिस्टर टोबिन! हे काय बघतेय मी? रांग? आणि सगळे सत्तरीच्या पुढचे! हे गिऱ्हाईक मिळवायला आम्ही जिवाचं रान करतो! सायडरला हात न लावणारी पिढी ही!"

"हात… हो, लावत नाहीत खरं," मलाकी पुटपुटला.

"तुम्ही किती घेतल्यात, आजोबा?" बाईंनी थॅडीला विचारलं.

"परवडतील तेवढ्या," थॅडी दात आवळून म्हणाला. "एकही बाटली या गावाबाहेर जाऊ देणार नाही."

"काय ही निष्ठा!" बाईंनी वही काढली. "चारशे पेट्या पहिल्या खेपेला. एकच अट आहे. या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला धक्का लावायचा नाही!"

मलाकी हसला की रडला, हे त्याच्या चेहऱ्यावरून बायकोलाही कळेना. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि यात्रेची बॅग हातात तशीच घेऊन कन्सेप्टा आत्या पुढं आली.

"मलाक्या! माझ्या भिंतीवरचे क्वर्क मास्तर कुठायत?"

आत्यानं बाटली उचलली, वाचली, खाली ठेवली. "घरी चल," ती म्हणाली. "थॅडी, तूही. आणि या पाहुण्या बाई कोण? त्यांनाही आण. लांबून आलेल्या माणसाला चहाशिवाय धाडायची रीत नाही आपली."

आत्याच्या स्वयंपाकघरात चहा उकळला, सोडाब्रेड कापला गेला. मलाकी बाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारायची धडपड करत होता.

"बाई," आत्यानं सरळ विषयाला हात घातला, "बाटलीवरचा माणूस टोबिन नाही. ते जेरमाया क्वर्क, या थॅडीचे आजोबा, शाळामास्तर. आख्ख्या परगण्याची दारू सोडवली त्यांनी. आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि या गाढवानं त्यांना रोज पहाटे उपाशीपोटी पाजली!"

क्रॉसबीबाईंचा कप हवेतच थांबला. "आणि ती रांग?"

"शपथवाले," थॅडी म्हणाला. "बाटल्या ओढ्यात ओतायला घेतल्या. आजोबांची अब्रू होती ती."

झालं! मलाकीनं डोळे मिटले. चारशे पेट्या, अठ्ठावीस दुकानं, सगळं त्याच ओढ्यातून वाहत चाललेलं त्याला दिसलं.

"मग खरे कॉर्नेलियस?" बाईंनी विचारलं.

"माझा आजोबा. त्याचा फोटो नाही, कारण तो कधी सरळ उभाच राहिला नाही. सायडर त्यानं गाळली, खरंय. पण एक थेंबही विकल्याचं कुणाला आठवत नाही. नऊ वर्षं दर शनिवारी क्वर्क मास्तर त्याला हातगाडीत घालून घरी आणून सोडायचे. ओरडा नाही, उपदेश नाही. दहाव्या वर्षी त्यालाच मास्तरांच्या पाठीची दया आली, आणि त्यानं सोडली. बागेवर कुऱ्हाड घालायला निघाला तर मास्तरांनी अडवलं. म्हणाले, 'कॉर्नी, झाडांनी कुठं शपथ घेतलीय?'" आत्यानं छातीवरच्या बिल्ल्याला हात लावला. "मी पाहिला तो आजोबा शुद्धीतला. मला खांद्यावर घेऊन नाचायचा. तो आजोबा आम्हाला मास्तरांनी दिला. म्हणून ते माझ्या भिंतीवर आहेत."

थॅडीनं रुमाल काढून नाक शिंकरलं. हातगाडीची गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती. मलाकीला मनापासून लाज वाटली, आणि ती लपवायला त्यानं ब्रेडचा तिसरा तुकडा घेतला.

"हे छापा," क्रॉसबीबाई म्हणाल्या.

"काय?"

"हेच! 'या गृहस्थांनी आमच्या सायडरचा थेंबही घेतला नाही, आणि आमच्या पणजोबांनाही घेऊ दिला नाही.' मागच्या बाजूला हातगाडी, सगळं खरंखरं. अशी बाटली आख्ख्या आयर्लंडात नाही! पण चारशे नको, आधी चाळीस पेट्या. खोटं बोलणाऱ्याला मी उधारीचा विश्वास देत नाही."

सगळ्यांनी थॅडीकडं पाहिलं. त्यानं चमच्यानं चहा ढवळला.

"हातगाडी नक्की येणार?"

"चित्रासकट," मलाकी म्हणाला.

"पन्नास वर्षांत आजोबांचं नाव कुणी काढलं नव्हतं," थॅडी म्हणाला. "छापा. पण ते सफरचंद काढा, आणि आम्ही घेतलेल्या पेट्या परत घ्या. आमच्यातल्या दोघांच्या डोळ्यांत मला भलतीच चमक दिसायला लागलीय."

"आणि माझी अट," आत्या मलाकीकडं वळली. "तू एका सोवळ्या माणसाला पाजलीस. आता एक वर्ष तू सोडायचीस. अगदी थेंबसुद्धा! घेतलास तर पुढच्या साली माझ्या सफरचंदांचा मुरंबा होईल."

"आत्या! मी सायडरवाला आहे! चव कोण बघणार?"

"ॲट्रॅक्टा बघेल."

नवी बाटली दुकानांत गेली आणि चाळीसाच्या दोनशे पेट्या झाल्या. थॅडी दर आठवड्याला क्लॉनमेलच्या दुकानात जाऊन आजोबांना फळीवर पुढच्या रांगेत सरकवून येतो. हंगाम आला, गाळप झालं, पिंपं भरली. मलाकी कोरडा ग्लास हातात धरून बायकोभोवती पिंगा घालत होता. ॲट्रॅक्टानं घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घोट घेतला.

"लवकर सांग ना! कशी झालीय? माझ्या देखरेखीशिवाय चव बदलली असणार!"

"चव अगदी तीच आहे रे," ॲट्रॅक्टा पिंपांवर खडूनं आकडे घालत म्हणाली. "फक्त यंदा दोन पिंपं जास्त भरलीत!"