कासवाचं वय

मराठी मंडळाची निमंत्रणपत्रिका लिहावी तर मीच, असा सोनागिरीत माझा लौकिक आहे. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असतो. कारखान्यातून निवृत्त झालो, माझे विनोदी लेख छापणारं मासिकही बंद पडलं, तेव्हा आता पत्रिका हेच माझं साहित्य. तेवीस वर्षांत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही!

यंदा मंडळाने पहिल्यांदाच बालनाट्य बसवलं. दिग्दर्शिका प्राजक्ता म्हणाली, "काका, इथल्या पोरांनी मोबाइलबाहेरचं नाटक पाहिलेलंच नाही. हा त्यांचा हक्क आहे. हॉल पोरांनी भरला पाहिजे." मी म्हटलं, पत्रिका माझ्यावर सोड. माझी नात स्वरदा, वय वर्षं सात, त्यात कासव होती. तिने अख्ख्या कॉलनीतल्या पोरांना तोंडी आमंत्रण दिलं होतं.

मी गेल्या वर्षीची पत्रिका काढली. नाटकाचं नाव बदललं, तारीख बदलली, शुद्धलेखन दोनदा तपासलं. तळाची ओळ तेवीस वर्षं जुनी, त्यामुळे ती वाचायची कुणाला सवयच उरली नव्हती. मलाही नाही. 'दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.'

ती वाचतो एकटा काशिनाथ. कारखान्याच्या गेटवर त्याने तीस वर्षं काढली. डबा द्यायला आलेल्या सख्ख्या मेहुण्याला त्याने पासाअभावी परत पाठवलं होतं. आता मंडळाचं दार सांभाळतो.

रविवारी पाचला मी पोहोचलो, तर हॉलबाहेर साठ पोरं आणि आत सव्वाशे पेन्शनर. काशिनाथ दारात आडवा.

"साहेब, रूल म्हणजे रूल. खाली तुमचंच नाव छापलंय."

रांगेत सर्वांत पुढे एक कासव उभं होतं. मैत्रिणींना आणायला म्हणून मागच्या दाराने बाहेर आलेलं, आणि आता पाठीवरच्या पुठ्ठ्याच्या कवचासकट अडकलेलं.

"आजोबा, मी सांगितलं की मी कासव आहे. तर हे काका म्हणाले, वय सांग."

"मग?"

"सात सांगितलं."

"अगं, कासवाने दोनशे सांगायचं!"

तिला हसू आलं नाही. मैत्रिणी घरी गेल्या तर मी काम करणार नाही, म्हणाली. तेवढ्यात आत तिसरी घंटा झाली. आमच्या मंडळाची घंटा कुणासाठी थांबत नाही. पडदा उघडला, कोल्हा पुढे आला आणि त्याने पाठ केल्याप्रमाणे विचारलं, मुलांनो, कासव कुणी पाहिलं का? सव्वाशे पेन्शनर गप्प. मग दुसऱ्या रांगेतून शांतपणे उत्तर आलं, "लेखी अर्ज करा."

मी काशिनाथच्या हातातली पत्रिका ओढली, ती ओळ खोडली, खाली सही केली, तारीख घातली. त्याने चष्मा लावून सही निरखली. शेवटी त्याने सलाम ठोकला आणि दार उघडलं.

करोंदच्या मंडीत गव्हाचं पोतं फुटावं तशी पोरं आत सांडली! पहिल्या रांगेपुढे जमिनीवर बसली. कोल्ह्याने बिचाऱ्याने पुन्हा विचारलं, आणि साठ पोरं एकदम ओरडली, "तुझ्या मागेऽऽ!" कासव आपल्या गतीने रंगमंच ओलांडू लागलं. पुढच्या खेपेला तर पेन्शनरही ओरडले, अर्जाविना. मी तेव्हा कुठे खुर्चीत टेकलो. शेजारी आमच्या मंडळातल्या शशिकलाबाई बसल्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "शुद्धलेखन छान होतं हो पत्रिकेचं."

पुढच्या बालनाट्याच्या वेळी तळाची ओळ मंडळाने स्वरदाकडून लिहून घेतली. 'साठ वर्षांवरील व्यक्तींना सोबत मूल असेल तरच प्रवेश.' मी दोनदा तपासली. एक चूक नाही.

प्रयोगाच्या दिवशी काशिनाथने मला दारात अडवलं. स्वरदा आत रंगपटात होती. शेवटी शेजाऱ्यांची चार वर्षांची मधुरा उसनी आणली, तेव्हा कुठे मला आत सोडलं.