बाळ सोडून सगळे

खोलीतला पारा सत्तावीसवर स्थिरावला तेव्हा थर्मामीटरबाईंनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "चपला बाहेर. अंगठ्या, घड्याळं काढा. हात धुवा. मग बाळ."

हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नवजात बाळांचे फोटो काढणं हा त्यांचा व्यवसाय, आणि खोलीत थर्मामीटर दोन, कारण एकट्यादुकट्या थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नसे. उघड्या अंगाच्या बाळाला सुखाची वाटते ती खोली मोठ्यांना भट्टी वाटते. बाईंना त्याची फिकीर नव्हती. शिंकणाऱ्या पाहुण्याला त्या दारातूनच परत पाठवत, मग तो बाळाचा बाप का असेना. आणि सगळ्या नियमांच्या वरचा एक नियम होता: बाळावर कुणाचा तरी एक हात कायम हवा. तो काढायचा तो दुसरा हात आल्यावरच. इतक्या वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

आजचं बाळ अकरा दिवसांचं होतं. आईबाप मात्र अकरा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. बापाच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती. त्याने मोबाइल पुढे केला. "ताई, आम्हाला असा पाहिजे."

फोटोतलं बाळ पोटावर पालथं, दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकवून, गहन विचारात पडलेलं होतं.

"हे दोन फोटो जोडून केलेलं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "दोन्हींत कुणीतरी बाळाला धरलेलं असतं. मग ते हात पुसून टाकतात. तुमच्या बाळाला अजून मान सावरता येत नाही. शिवाय अकरा दिवसांत एवढा विचार करण्यासारखं काही घडलेलंही नाही."

"मी सांगितलं होतं याला," आई म्हणाली. "आम्हाला साधाच हवाय, ताई. झोपलेला. पण गाढ झोपलंय असं स्पष्ट दिसलं पाहिजे."

"पुरावा म्हणून," बाप म्हणाला.

"कशाचा पुरावा?"

आईने सुस्कारा सोडला. "याच्या आईंना दाखवायला. त्या म्हणतात, बाळ झोपत नाही म्हणजे तुमचंच काहीतरी चुकतंय. सूत्रं हातात घ्यायला उद्या येताहेत. रोज फोनवर तासभर शिकवणी असते, ती आता घरात चोवीस तास चालणार. एक झोपलेला फोटो पाठवला, तर महिनाभर तरी वाचू."

"बाळ झोपतं का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"इथे झोपेल," बाई म्हणाल्या. हे त्या पूर्वानुभवावरून म्हणाल्या. त्यांनी जमिनीलगतच्या मऊ गादीवर बाळाला सैलसर गुंडाळून उताणं ठेवलं, छातीवर अलगद हात ठेवला, आणि आवाजाचं यंत्र सुरू केलं. त्यातून दूरच्या धबधब्यासारखा एकसुरी आवाज येई. पोटात असताना बाळं असलंच काहीसं ऐकत असतात म्हणे. कॅमेरा तिवईवर रोखलेला होता, त्याचं बटण बाईंच्या एप्रनच्या खिशात. सगळं जागच्या जागी होतं.

ऊब आणि धबधबा यांचा परिणाम सातव्या मिनिटाला दिसू लागला. बापाने जांभई दिली. नवव्या मिनिटाला तो "मी फक्त पाठ टेकतो" म्हणाला आणि भिंतीला टेकल्या टेकल्या घोरू लागला. बाराव्या मिनिटाला गादीपाशी बसलेली आई बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर थांबली, हळूहळू कलली आणि सतरंजीवर आडवी झाली. अकरा रात्रींची थकबाकी वसूल करावी तशी ती झोपली.

बाळ टक्क जागं होतं. आपल्यामुळे एवढी माणसं पडली याचं त्याला कौतुक वाटत असावं.

"शहाणं ना तू?" बाई कुजबुजल्या. बाळाने पापणीही लववली नाही.

तेवढ्यात धबधबा आटला. यंत्रातले सेल संपले. नवे सेल खणात होते, आणि खण सहा पावलांवर. बाईंनी खणाकडे पाहिलं, मग बाळावरच्या आपल्या हाताकडे. बाळाला उचलून न्यावं तर ते टाहो फोडणार. आईला उठवावं, तर तिचा चेहरा बघून धीर होईना. बाळाचा खालचा ओठ थरथरू लागला.

आणि आईचा मोबाइल वाजला.

बाईंनी मोकळ्या हाताने तो पहिल्याच घंटेला गप्प केला. नाव होतं 'सासूबाई'. त्यांनी आवाज कमी करून स्पीकर लावला आणि फोन सतरंजीवर ठेवला.

"काय गं, झोपलं का बाळ?"

"मी फोटोग्राफर बोलतेय," बाई हळूच म्हणाल्या. "सगळे झोपलेत."

"सगळे म्हणजे?"

खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती. "बाळ सोडून सगळे."

"सून पण?"

"गाढ. तोंड उघडं टाकून."

"मग उठवू नका तिला. माझा मुलगा?"

"ऐकू येत नाहीये का तुम्हाला?"

"अच्छा, तो घोरतोय होय! मला वाटलं, मिक्सर. आता तुम्हीच ऐका. पहिली गोष्ट कानटोपी..."

कानटोपीवरून गाडी दुपट्यांवर आली, दुपट्यांवरून ढेकरांवर, ढेकरांवरून बाळाच्या बापाने लहानपणी काय काय गिळलं होतं त्यावर. आवाज एकाच पट्टीतला, ना चढ ना उतार, ना पूर्णविराम. बाई "हं" म्हणत राहिल्या. गोष्ट गिळलेल्या बटणांपाशी आल्यावर त्यांचं खाली लक्ष गेलं.

बाळाचे डोळे मिटले होते. मुठी उघडल्या होत्या. ओठांच्या कोपऱ्यात एक पुसट हसू आलं आणि तिथेच राहिलं.

बाईंनी खिशातलं बटण दाबलं. एकदा. दोनदा. सात वेळा.

पाऊण तासाने सासूबाईंनी दम घेतला. "बरं, ठेवते. माझं बोलणं कुणी इतकं ऐकून घेत नाही हो."

फोन बंद झाल्याच्या टिकटिकीने आई दचकून उठली. तिने बाळाकडे पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. "झोपलं! ताई, फोटो?"

"आहे. तुमचा हात इथे ठेवा." आईचा हात आल्यावरच बाईंनी आपला काढला, आणि कॅमेऱ्यातून सगळ्यात चांगला फोटो तिच्या मोबाइलवर पाठवला. "पण एक मिनिट, हे कसं झालं ते..."

"आईंना पाठवला!" आई म्हणाली. "अरे, ऊठ! वाचलो आपण!"

"कोण रडतंय?" बाप डोळे चोळत म्हणाला.

कुणी रडत नव्हतं. ते त्यानंतर सुरू झालं. खोली शांत होती आणि बाळाला शांतता खपत नव्हती. बाईंनी दोन वाक्यांत कारण सांगितलं: सासूबाईंचा फोन आला होता, आणि कानटोपीपासून सुरू झालेलं त्यांचं बोलणं ऐकत बाळ झोपलं. आईबाप ऐकत होते, पण विश्वास ठेवत नव्हते. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. आईने स्पीकर लावला.

"फोटो बघितला गं. काय गाढ झोपलंय! मी उगाच तुला बोलले, तुमचं काही चुकत नाही. उद्याचं येणं मी रद्द करते. ते आहेच की महिन्याभराने..."

'फोटो'ला बाळ थांबलं होतं. 'उगाच'ला पापण्या जड झाल्या. 'महिन्याभराने'ला डोळे मिटले.

आईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने हात जोडले, बाळाला की फोनला ते कळलं नाही.

"नाही हो आई, रद्द कशाला!" आई घाईघाईने म्हणाली. "उद्या याच. आज रात्री जमलं तरी या. आणि फोन ठेवू नका हं. ते कानटोपीचं काय सांगत होता ताईंना?"

थर्मामीटरबाई सहा पावलं चालून खणापाशी गेल्या होत्या. हातात घेतलेले नवे सेल त्यांनी परत आत ठेवले आणि खण आवाज न करता लावला.