जिन्यावरचा प्रिंटर सर जाहला त्याची हकीकत

श्री कानबाई माता समर्थ. देवपूर, शहर धुळे, येथील बंधुद्वय राजश्री हिलाल आबा व राजश्री नवल नाना यांनी एका प्रिंटरापायी जो संग्राम मांडिला, तो पुढील पिढ्यांस ठाऊक असावा आणि कोणी पदरचे घालून सांगू नये, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले असे.

हिलाल आबा थोरले, एसटीचे माजी वाहतूक नियंत्रक, तळमजल्याचे खावंद. नवल नाना धाकटे, शिकवणीचे मास्तर, माडीचे खावंद. गच्चीवरील टाकीच्या पाण्यावरून उभयतांत तंटा जाहला आणि मग चुली वेगळ्या, मीटर वेगळे, वायफायही वेगळे जाहले. प्रिंटर मात्र सामाईक घेतला, कारण एकट्याने घेणे दोघांच्याही जिवावर आले. आणि तो कोणा एकाच्या हद्दीत नको म्हणोन जिन्याच्या वळणावर, चपलांच्या कपाटावर त्याची स्थापना केली.

मग उमगले की हा प्रिंटर एका वेळी एकाच वायफायची चाकरी करितो. आबांची सून कामिनीबाई या विद्येत तरबेज. तिने अर्ज गुदरला की दोन्ही मजल्यांनी एकच वायफाय वापरावे, आपले जिन्याला जवळ आहे तेच द्यावे, पासवर्ड वर कळवावा, म्हणजे मामला मिटला. हे आबांस परवडणारे नव्हते. कां, तर तंट्याच्या रागात त्यांनी पासवर्ड ठेविला होता 'नवलपाणीचोर'. घरातले सारे मोबाइल त्यांनी पाठ फिरवून स्वहस्ते जोडून दिले होते, सुनेसही अक्षर दिसू दिले नव्हते. आणि आता बदलावा, तर बदलणारास आधी जुना सांगावा लागे. सबब आबांनी फर्माविले की घराण्याचा पासवर्ड परक्या मजल्यास देणे नाही. माडीवरून नानांचाही तैसाच साफ नकार आला, आणि तो देताना नाना कावरेबावरे जाहले, ते आबांनी मग्रुरी समजोन घेतले.

मग युद्धास तोंड लागले. प्रिंटराच्या पाठीस एक बारीक छिद्र, त्यात पिन खुपसली म्हणजे तो मागील धनी विसरतो. सकाळी नाना येऊन पिन खुपसीत आणि शिकवणीचे पेपर छापावयास त्यास माडीकडे ओढीत, दुपारी आबा साडीची पिन घेऊन चाल करीत आणि तळमजल्याचा अंमल बसवीत. ऐशा धुमश्चक्रीत प्रिंटर पुरता भंजाळला, तांबडा दिवा लावून बसला आणि कोणाचेच छापीना.

तशात श्रावणातील कानबाईचा रविवार, साऱ्या कुळाने मिळून देवीस रोटाचा नैवेद्य करावयाचा दिवस, उजाडला. रोटाची गाणी साऱ्या भाऊबंदांत एकट्या वच्छलाबाईंस, म्हणजे आबांच्या कुटुंबास मुखोद्गत. परंतु उन्हाळ्यात गळ्याचे ऑपरेशन जाहले आणि बाईंचा आवाज गेला, कुजबुजीपुरता उरला. त्यांनी कुजबुजत सांगावे आणि कामिनीबाईंनी टाइप करावे, ऐशी सारी गाणी जमविली होती. ती कागदावर उतरली नाहीत तर यंदा कानबाईपुढे मुके बसणे होते. बाजारातून छापून आणावी तर दुकाने बंद, नानांशी तह करावा तर शरणागती. आबा पिन घेऊन उठले, तो वच्छलाबाईंनी त्यांचे मनगट धरिले.

"रोट एकच परातमा मळतस," त्या कुजबुजल्या, "मंग वायफाय दोन कसाले?"

ज्या आवाजाचा एरवी आबांस धाक, तो इतका बारीक जाहलेला पाहोन त्यांचे काळीज हलले. ते जिना चढले. वळणावर नाना पिन घेऊन उभेच होते. आबांनी चपलांकडे पाहत सांगितले, "नवल, मना वायफायना पासवर्ड 'नवलपाणीचोर' शे. लिखी ले."

नाना पिन खिशात घालून म्हणाले, "भाऊ, मना तं 'हिलालकवडीचुंबक' शे."

उभयतांस एकदम ठसका लागला. दारात वच्छलाबाई तोंडास पदर लावून आवाजाविना हसत होत्या, त्यांचे खांदे तेवढे हलत होते. कामिनीबाईंनी साऱ्या घरास तळमजल्याच्या वायफायवर घेतले, प्रिंटरास अखेरची पिन खुपसली, आणि तांबडा दिवा जाऊन हिरवा आला. मग कागदांची जी रीघ लागली ती थांबेना. गाण्यांत नानांचे गणिताचे पेपरही मिसळले. कानबाईपुढे सुना-लेकींनी कागद धरून गाणी म्हटली, आणि एकीने भक्तिभावे 'लसावि काढा' हेही चालीवर म्हटले. वच्छलाबाई टाळीने ठेका देत होत्या, आणि प्रत्येक ओळीस त्यांचे ओठ सर्वांच्या आधी हलत होते. आबा खांबाआड उभे राहून ते ओठच पाहत राहिले.

येणेंप्रमाणे प्रिंटर फत्ते जाहला आणि माडीचे वायफाय बंद होऊन मुलूख एक जाहला. पासवर्ड बदलावा ऐसी मसलत कामिनीबाईंनी दिली, ती नानांनी नामंजूर केली. हल्ली पाहुणा आला आणि पासवर्ड पुसू लागला की नाना स्वमुखे सांगतात, नवलपाणीचोर, जोडून लिहा. आबा खालून ऐकतात आणि मुकाट्याने टाकीची मोटर सुरू करितात.