पाळण्याशेजारचं व्याख्यान

एकोणीसशे छत्तीस साल, माघ महिना. जुन्या जालन्यात वामनराव वकिलांच्या घरी सव्वा महिन्याची मुलगी होती आणि तिला नाव नव्हतं.

नाव नव्हतं, कारण नावं तीन होती. आजीला, म्हणजे गोपिकाबाईंना, आपल्या सासूचं जयवंता हवं होतं. आई उमाला रजनी आवडलं होतं. वामनरावांनी शरयू ठरवून ठेवलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ती बोलली की वाद मिटतो. पण वामनराव एकुलते एक. आत्या नाही, म्हणून निवाडा नाही, म्हणून बारसं नाही.

अशात फादर लिन्डरांची तार आली.

वामनराव मुंबईला येशूसंघाच्या कॉलेजात शिकले होते. तिथे दर हिवाळ्यात फादर लिन्डर जाहीर व्याख्यानं देत. देव आहे हे बुद्धीला पटतं का, श्रद्धा आणि विचार एका घरात नांदतात का, असले विषय. ऐकायला पारशी डॉक्टर येत, बोहरी दुकानदार येत, शेंडीवाले शास्त्री येत. भांडायच्या तयारीनं आलेली माणसंही गप्प बसून ऐकत. फादर स्वित्झर्लंडचे, पण मराठी इतकं शुद्ध बोलत की पुण्याच्या माणसालाही आपलं तपासून पाहावंसं वाटे. कॉलेज सोडताना वामनरावांनी त्यांच्या पाया पडून म्हटलं होतं, "एकदा आमच्या जालन्याला या. सभा मी भरवतो, हा माझा शब्द." त्या शब्दाला आता फळ आलं होतं. फादर येणार होते, तीन दिवस, तीन व्याख्यानं.

त्या काळी निजामाच्या राज्यात परवानगीवाचून सभा भरवता येत नसे. मग विषय देव असो की शेंगदाणे. वामनरावांनी अर्ज दिला. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. इकडे फादर मनमाडला गाडीत बसले. सभा भरवावी तर वकिलीची सनद जाणार, न भरवावी तर गुरूला दिलेला शब्द.

शेजारचे राधाकिसन कापसाचे अडते होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, घरातल्या कार्याला परवानगी लागती का?"

"न्हाई. लग्न, मुंज, बारसं, याला न्हाई लागत."

"मंग बारसं पडलंच आहे की तुमच्याकडं! जल्दी उरकून टाका. पावणे बसतील, पादरीसाहेब दोन शब्द बोलतील. खर्चा फक्त घुगऱ्यांचा."

गोपिकाबाई माजघरातून बाहेर आल्या. "बारशाला पुरुष? ही कोन्या गावची रीत? पाळणा काय मिशावाले म्हननार?"

"आई, सनद जाईल माझी. न्हाईतर शब्द जाईल."

"मंग घाल तुझा शब्दच पाळण्यात, आन दे झोके!" असं म्हणून त्यांनी घुगऱ्यांसाठी गहू आणि हरभरे भिजत घातले.

बारशाला रिकाम्या हातानं जाऊ नये, हे राधाकिसननी प्रत्येकाला बजावून सांगितलं. चूक इथेच झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमास्तर, शाळामास्तर, अडते, वैद्य, झाडून सगळे बाजारात टोपडी आणि झबली शोधत फिरले. दोन तासांत जुन्या जालन्यातली टोपडी संपली. लोक नदी ओलांडून नव्या जालन्याला गेले, तिथलीही संपली. एका अविवाहित शाळामास्तरानं टोपडं मोठ्याचं घेऊ की लहानाचं, असं भर दुकानात विचारलं. संध्याकाळी हातात टोपडी घेतलेल्या मिशीवाल्यांची रांग वकिलांच्या दाराशी लागली, तेव्हा कोपऱ्यावर अमीन दाऊदअली उभे होते. अमीन म्हणजे गावचे पोलीस अधिकारी.

बैठक भरली, फादर बोलायला उभे राहिले आणि त्याच वेळी अमीनसाहेब आत आले. माजघरात पाळण्याची कडी करकरत होती.

"काय चालू राह्यलं, वकीलसाहेब?"

"बारसं," वामनराव म्हणाले.

"बारसं? माझ्या शेजारी कितीक बारशी झाली. मला दरवेळी भाईर उभं केलं. औरतांचं काम म्हणले. आन इथं सगळा बाजार बसलाय." त्यांची नजर पांढऱ्या झग्यावर थांबली. "हे पादरीसाहेब बच्चीचे कोन?"

सनद गेलीच, असं वामनरावांना वाटलं.

"आत्या!" गोपिकाबाईंचा आवाज आला. पाठोपाठ त्या स्वतः आल्या, मागून दोन बायकांनी उचलून आणलेला पाळणा. "लेकराला आत्या न्हाई. आमच्या वामनला यांनी शिकवलं, म्हंजे ते घरचेच वडीलधारे. मान यांचा. नाव हेच ठेवनार. उभे काऊन राह्यले? बसा, घुगऱ्या खाऊन जा."

अमीनसाहेबांनी फादरांचा घोट्यापर्यंतचा झगा पुन्हा एकदा पाहिला. "बराबर," असं म्हणून ते पहिल्या रांगेत बसले.

फादर किंचित वाकले. "नाव ठेवण्यापूर्वी आत्येला चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी."

"बोला की," गोपिकाबाई म्हणाल्या. "आत्या कव्हा गप बसती?"

आणि फादर बोलले. मुंबईहून आणलेलं सगळं त्यांनी बाजूला ठेवलं आणि पाळण्याकडे बोट दाखवलं. "हा पाळणा हलतो आहे. आपोआप हलतो काय? नाही. दोरी त्याला हलवते. दोरीला हात हलवतो. हाताला हलवते आजीची माया. ही साखळी आपण मागे मागे नेत गेलो, तर कुठेतरी थांबावे लागेल की नाही? जो सर्वांना हलवतो, पण ज्याला कोणी हलवत नाही, असा कोणीतरी पहिला असावा लागेल की नाही?" हा विचार शेकडो वर्षांचा जुना आहे, मोठमोठ्या पंडितांनी त्यावर ग्रंथ लिहिले आहेत, असं त्यांनी सांगितलं; पण त्या बैठकीत तो त्याच संध्याकाळी जन्मल्यासारखा वाटला.

अमीनसाहेबांनी हात वर केला. "सवाल आहे. दादीला कोन हलवतं?"

"मला?" गोपिकाबाई दोरी ओढता ओढता म्हणाल्या. "मला आजवर कोनी हलवलं न्हाई! वामनच्या वडलांनी लई जोर लावला."

बैठक हसून लोटपोट झाली. फादरांनी मात्र गंभीरपणे त्यांना नमस्कार केला. "आजीबाई, उद्या याच मुद्द्यापासून सुरुवात करावी लागेल."

मग त्यांनी पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात "जयवंता" म्हटलं. संकट आजीनं निभावलं होतं, तेव्हा नाव तिचं. नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत. बायका बिचकल्या. पहिला बुक्का गोपिकाबाईंनी घातला, मग कोणी मागे राहिलं नाही. फादरांनी ते सगळे हसत सोसले.

अमीनसाहेब उठले.

"वकीलसाहेब, बात तर अधुरी राह्यली. तुमच्यात बच्चीला नावं किती ठेवतात?"

राधाकिसन पटकन म्हणाले, "तीन, साहेब."

"मंग उद्या दुसरं, परवा तिसरं. मी येतो." दारातून ते वळले. "आन टोपडं कुठं मिळतं हो? सगळी दुकानं रिकामी झाली."

दुसऱ्या दिवशी फादर श्रद्धेवर बोलले, आणि मुलगी रजनी झाली. तिसऱ्या दिवशी दुःखावर बोलले. ऐकताना वैद्यांनी डोळे पुसले, आणि मुलगी शरयू झाली. अमीनसाहेब दोन्ही दिवस पहिल्या रांगेत होते.

पुढे अमीन दाऊदअलींची बदली बीडला झाली. निघताना ते सांगून गेले, "तिकडं कोनाचं बारसं राह्यलं असेल तर पादरीसाहेबांना कळवतो." टोपड्यांचा ढीग गोपिकाबाईंनी गल्लीत वाटला, कितीतरी वर्षं जुन्या जालन्यातलं बाळ उघड्या डोक्याचं दिसलं नाही. राधाकिसननी कापूस सोडून बियाण्यांचं दुकान काढलं. आजोबा झाल्यावर नातवाच्या बारशाला पुरुषांना आधी बोलावलं, बायकांना मागून. वामनरावांची सनद शेवटपर्यंत टिकली. उमा मुलीला हौसेनं रजनी म्हणत राहिली. फादर दर दिवाळीला भाचीसाठी खाऊचा डबा पाठवत राहिले.

ती भाची मोठी झाली आणि तत्त्वज्ञान शिकायला मुंबईला त्याच कॉलेजात गेली. फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"माझी आत्या राहते इथं."

"इथं पाद्री राहतात, बाई."

"तेच ते."

फादर काठी टेकत आले. कानात तीनदा सांगितलेली तिन्ही नावं त्यांनी ओळीनं घेतली आणि विचारलं, "पाळणा हलवणाऱ्या आजीबाई कशा आहेत?"

"आजी गेली, फादर. चैत्रात."

फादर वर आकाशाकडे बघून हसले. "म्हणजे आजीबाईंना कोण हलवतं, याचं उत्तर त्यांना मिळालं. मी अजून पुस्तकं चाळतो आहे."